शिळा समुद्र

ताईने फॉर्म टीव्ही स्टेशनमधल्या त्याच्या टेबलावर ठेवला आणि सही कुठे करायची ते बोटाने दाखवलं, पण त्याची नजर त्या बोटापर्यंत पोचलीच नाही, वरच अडकली. ‘भ्रम असल्यास नमूद करावेत’ असं तिथे छापलं होतं, आणि त्यापुढे डॉक्टरांच्या घाईच्या अक्षरात लिहिलं होतं, की टीव्हीवर दाखवतात तो समुद्र शिळा असतो असे रुग्ण वारंवार सांगतो. त्याने ते वाक्य वाचलं, पुन्हा वाचलं, आणि तिसऱ्यांदा वाचताना त्याच्या लक्षात आलं की आपण वाचत नाही, नुसता वेळ काढतोय. रुग्ण म्हणजे बाबा. समोरच्या कपाटावर टीव्ही चालू होता, आवाज बंद. त्यात धक्का दिसत होता : ढगाळ दुपार, कडेला बांधलेल्या दोन होड्या, पाण्यात उतरत गेलेल्या पायऱ्या, आणि एक भुरकं कुत्रं, जे थोड्या वेळाने उठून अंग झाडणार होतं. हे त्याला माहीत होतं, कारण ते कुत्रं सात आठवड्यांपूर्वीचं होतं.

“वाचतोस काय एवढं? मी वाचलंय सगळं,” ताई म्हणाली. “तुझी सही, माझी सही, आणि डॉक्टरांचा शिक्का. चारला ते घरी येतायत, शेवटचं एकदा बघतील, आणि पाचला येणारी लाँच साडेपाचला परत फिरते, तिने कागद घेऊन जातील. पलीकडच्या किनाऱ्यावर त्या वृद्धाश्रमात एक खोली रिकामी आहे. पुढच्या महिन्यात नसेल. तू येणार आहेस ना? का नेहमीसारखं मशीन सोडता येत नाही?”

“येतो.”

“किती कोंदट आहे रे इथे. पडदा तरी सरकव,” असं म्हणत ती उठलीच.

“नको!” तो इतक्या मोठ्याने ओरडला की ती जागच्या जागी थांबली. “धूळ येते,” तो म्हणाला. “मशीनवर.”

ताई परत खुर्चीत बसली. मग तिने ओढणीच्या टोकाने डोळे पुसले, अगदी घाम पुसावा तसे, गाजावाजा न करता. “परवा पुन्हा गेले होते. हात प्लास्टरमध्ये, पायात चप्पल नाही, आणि निघाले धक्क्यावर. का, तर म्हणे पायऱ्या मोजायच्या होत्या. मनगटावर निभावलं मागच्या वेळी. उद्या कंबर मोडली तर उचलायचं कोणी? तू तर इथे असतोस. मला हौस आहे का त्यांना पाठवायची? माझ्याच्याने होत नाही रे आता.” तिचं काहीच चुकत नव्हतं, हीच तर अडचण होती. तिचं थोडंफार चुकलं असतं तर त्याला तिच्याशी भांडता आलं असतं. तो खिडकीच्या पडद्याकडे बघत राहिला. पडद्याच्या पलीकडे खरा धक्का होता आणि त्याला एक मालवाहू बोट लागली होती. सकाळपासून सिमेंटची पोती उतरत होती. टीव्हीतल्या धक्क्यावर बोटही नव्हती आणि पोतीही नव्हती. धक्क्यावर उभा असलेला माणूस टीव्ही बघत नाही आणि टीव्ही बघणारा धक्क्यावर नसतो. गेले सात आठवडे सगळं स्टेशन या एवढ्याशा फटीत जीव मुठीत धरून बसलं होतं.

बेटाच्या टीव्हीवर दोनच गोष्टी लागायच्या : संध्याकाळी सहाला तासभर बातम्या आणि उरलेला दिवसभर धक्का. बर्फाच्या कारखान्यावरच्या दोन खोल्यांतलं स्टेशन. दाखवायला दुसरं काही नाही म्हणून कोणीतरी गच्चीवरचा कॅमेरा धक्क्याकडे वळवून ठेवला, आणि बघता बघता लोकांना त्याचं व्यसन लागलं. भाजी निवडताना एक डोळा धक्क्यावर. कोण आलं, कोण गेलं, कोण कोणाला सोडायला आलं आणि कोण आलंच नाही. पाहुणा लाँचमधून उतरताना दिसला की तो घरी पोचेपर्यंत पंधरा मिनिटं मिळतात. तेवढ्यात चादर बदलून होते, आणि फारच नकोसा पाहुणा असेल तर दाराला कुलूपही लावून होतं. स्टेशनचं मशीन तोच सांभाळायचा, म्हणून लोक त्याला धक्केवाला म्हणायचे. रस्त्यात भेटलं की, “काय धक्केवाले, आज पाणी फार आणलंत,” असं हसून म्हणायचे, जणू तोच रोज बादलीने समुद्र भरत होता. मग ते अपघाताचं वर्ष आलं. गच्चीवरच्या कॅमेऱ्याची वीज गेली म्हणून त्याने पडद्यावर ‘व्यत्ययाबद्दल क्षमस्व’ची पाटी लावली, आणि ती पाटी होती त्याच पाऊण तासात बंदराच्या तोंडाशी लाँच उलटली. अकरा माणसं गेली. पाटीचा आणि लाँचचा काडीचाही संबंध नव्हता, सगळ्यांना ते कळत होतं, आणि तरीही त्यानंतर जेव्हा जेव्हा धक्का पडद्यावरून गेला तेव्हा बायका हातातलं टाकून अनवाणी बंदराकडे धावल्या. एकदा तर त्याने कॅमेऱ्याच्या काचेवरचं मीठ पुसायला दहा मिनिटं पाटी लावली, तर तीनशे माणसं जमली. एक आजी जिन्यावरून गडगडत खाली आली. त्या दिवशी स्टेशनच्या प्रमुख बाईंनी त्याला बोलावून सांगितलं, “काहीही दाखवा, पण पाटी नको.” मग तो काच पुसण्यापुरती कालची टेप लावू लागला. कोणाला पत्ता लागला नाही. तिथून सुरुवात झाली.

आणि सात आठवड्यांपूर्वी कॅमेराच बसला. आत मीठ शिरलं होतं. नवा भाग पलीकडच्या मुख्य ऑफिसातून यायचा होता, आणि मुख्य ऑफिस तर स्टेशनला टाळं ठोकायला निमित्तच शोधत होतं. तुमच्याकडे आहे काय दाखवायला, असं ते विचारायचे, आणि बाई ताठ मानेने सांगायच्या, आमच्याकडे धक्का आहे, लोकांचा त्याच्यावर विश्वास आहे. आता धक्काच नाही हे कोणत्या तोंडाने सांगायचं? बाई म्हणाल्या, “थोडे दिवस सांभाळून घ्या.” त्याने घेतलं. जुन्या रेकॉर्डिंगमधून त्याने चौदा टेपा तयार केल्या, दीड-दीड तासाच्या, आणि त्यांवर आपल्या सुबक अक्षरात चिठ्ठ्या लावल्या : सकाळ स्वच्छ, दुपार ढगाळ, संध्याकाळ वारा. लाँच वेळेवर यायची तशी टेपेतही यायची. कधी उशीर झाला तर तो पडद्याच्या फटीतून बघून टेप बदलायचा. खोटं काय सांगायचं, त्याला त्यात मजा वाटू लागली होती. इतकं नेटकं काम त्याने जन्मात केलं नव्हतं. एका बाईने फोन करून त्याचे आभार मानले, की माझी मुलगी उतरताना दिसली, पिवळ्या छत्रीवरून ओळखलं मी. मुलगी खरोखरच त्या दिवशी आली होती. पिवळी छत्री मात्र दुसऱ्या कोणाची तरी होती, दोन महिन्यांपूर्वीची. त्याने फोन ठेवला आणि हसला, आणि मग ती टेप मागे फिरवून छत्री पुन्हा बघितली.

बाबांचा फोन तिसऱ्याच दिवशी आला होता. “अरे, तुमचा समुद्र शिळा आहे.” तो म्हणाला होता, “बाबा, समुद्र कधी शिळा असतो का?” तो सूर त्याला आज जसाच्या तसा ऐकू येत होता. म्हाताऱ्या माणसांशी आणि लहान मुलांशी बोलताना लावतात तो, गोड, किंचित वरच्या पट्टीतला. बाबांनी फोन ठेवून दिला. एकतीस वर्षं लाँचचं सुकाणू ज्यांच्या हातात होतं, त्या माणसाशी तो असा बोलला. त्यानंतर बाबा ताईला सांगू लागले, शेजाऱ्यांना सांगू लागले, महिन्यातून एकदा येणाऱ्या डॉक्टरांना सांगू लागले. शेजारी मान डोलवायचे. कोणीतरी त्यांना ‘ताजा मासा’ असं नाव पाडलं, आणि गल्लीतली मुलं विचारायची, “आजोबा, आजचा समुद्र ताजा का?” मग एक दिवस बाबा खात्री करायला निघाले. ताईचं घर गल्लीच्या पोटात, तिथून पाणी दिसत नाही. धक्का दहा मिनिटांवर. जाताना ठीक गेले, येताना पडले.

साडेतीनला त्याने ‘दुपार ढगाळ’ पहिल्यापासून लावली, स्टेशनला कुलूप घातलं आणि निघाला. बाई पलीकडे मीटिंगला गेल्या होत्या, बाकीची सगळी माणसं बातम्यांच्या वेळेला येणार, म्हणजे पाचपर्यंत परत येऊन त्यानेच टेप बदलायला हवी होती. येण्याजाण्याची आणि घरातली मिनिटं त्याने मनात बसवली. वाटेत धक्क्याजवळून जाताना तो बघणार नव्हता, पण त्याने बघितलं. भरती होती. पाच पायऱ्या कोरड्या, सहावीवर पाणी खेळत होतं. टेपेत अकरा कोरड्या होत्या. तो सात वर्षांचा असताना बाबांनी त्याला याच धक्क्यावर बसवून शिकवलं होतं. आकाशाकडे बघू नको, आकाश थापा मारतं, पायऱ्या मोज. पाणी रोज पाऊण तास मागे पडतं, आज चारला इथे असेल तर उद्या पावणेपाचला, आणि पंधरा दिवसांनी फिरून जागेवर. तो मोजायचा. बाबा त्याच्या पाठीवर हात ठेवून उभे असायचे, त्या हाताला डिझेलचा वास यायचा, आणि आकडा बरोबर आला की हात एकदाच दाबला जायचा. शाबासकी म्हणून तेवढंच. पंधरा दिवसांनी फिरून जागेवर. डॉक्टरांनी फॉर्ममध्ये हेही लिहिलं होतं, की साधारण दोन आठवड्यांनी एखाद-दोन दिवस रुग्णाला आपोआप बरे वाटते, त्या दिवशी तो टीव्हीबद्दल तक्रार करत नाही. का करेल? त्या दिवशी पायऱ्या जुळायच्या.

टेपा करताना भरती-ओहोटी आपल्या ध्यानात राहिली नाही, असं तो सात आठवडे स्वतःला सांगत होता. ढग बघितले, उजेड बघितला, लाँच बघितली, आणि नेमकी भरती राहून गेली, माणूस आहे, विसरतो. पण गल्लीच्या तोंडाशी, शिंप्याच्या दुकानापाशी, त्याचे पाय आपोआप थांबले. शिंपी आतून म्हणाला, “काय धक्केवाले, आज इकडे कुठे?” त्याने नुसता हात वर केला. त्याला ती पहिली टेप आठवली. चिठ्ठीवर ‘दुपार ढगाळ’ लिहून झाल्यावर पेन पुढे सरकलं होतं, पायऱ्यांचा आकडा लिहायला. आणि त्याने ते उचललं होतं. पायऱ्या कोण बघतंय, असं त्याच्या मनात आलं होतं. बाबा बघतील. आणि लगेच, त्याच दमात : बाबांचं कोण ऐकतंय. तो हे विसरला नव्हता. एवढंच झालं होतं, आणि ते त्या पेन उचलण्यात झालं होतं.

घरात डॉक्टर आधीच येऊन बसले होते. नाडी, रक्तदाब, प्लास्टर बघण्यात साडेचार झाले, आणि ते दर दोन मिनिटांनी घड्याळ बघू लागले, कारण लाँच कोणासाठी थांबत नाही. बाबा पलंगावर ताठ बसले होते. ताईने त्यांना धुतलेला सदरा घातला होता, प्लास्टरवरून एक बाही नुसतीच लोंबत होती. कोपऱ्यात टीव्ही चालू. फॉर्म टेबलावर, त्यावर ताईची सही झालेली, खालची ओळ रिकामी.

“आजोबा, आज वार कोणता?”

“गुरुवार. तुम्ही आलात म्हणजे गुरुवारच.”

डॉक्टर हसले. “आणि ही कोण?”

“माझी मुलगी. मला पलीकडे धाडायला निघालीय.”

“बाबा!” ताई म्हणाली.

“बरं, बरं. आणि हे टीव्हीवर काय दिसतंय, आजोबा?”

बाबांनी टीव्हीकडे बघितलं. त्यांचे ओठ किंचित हलले. ते मोजत होते. तोही नकळत मोजू लागला. अकरा. त्यांनी खरं बोलावं असं त्याला वाटत होतं आणि बोलू नये असंही वाटत होतं, आणि या दोन्हींत कुठलं जास्त वाटतंय ते त्याला कळेना. ते खरं बोलले की डॉक्टर पेन उघडणार. मग तो फॉर्म त्याच्यासमोर सरकणार. मग एकतर सही किंवा तोंड उघडणं. तोंड उघडलं की स्टेशनला टाळं, बाई घरी, नऊ माणसं घरी, आणि सगळं बेट त्याच्याकडे बघणार. तेवढ्यात बाबांनी मान वळवून त्याच्याकडे बघितलं. रागाने नाही. लाँच लावताना अंतर बघायचे तसं, डोळे बारीक करून.

“धक्का आहे,” ते म्हणाले.

“कधीचा?”

“आजचा. कधीचा असणार?”

“पण मागच्या खेपेला तुम्ही म्हणाला होतात की—”

“चुकलं माझं. डोळे गेलेत. पायऱ्या नीट दिसत नाहीत.”

त्याचा जीव भांड्यात पडला. खरंच पडला, आणि त्याची त्याला इतकी शरम वाटली की तो खिडकीकडे वळला. चुकलं माझं, हे दोन शब्द बाबांच्या तोंडून त्याने कधी ऐकले नव्हते. आईच्या आजारपणातही नाही. डॉक्टर खूश झाले, ही चांगली खूण आहे म्हणाले, तीन महिने थांबू म्हणाले, पलीकडे चष्म्याचा नंबर तपासून घेऊ म्हणाले, आणि टेबलाशी बसून नवा कागद लिहू लागले. ताई हसली. मग तीन महिने म्हणजे किती दिवस ते तिच्या चेहऱ्यावर उमटलं, आणि ती चहा ठेवायला आत गेली.

बाबांनी त्याला बोटाने जवळ बोलावलं. प्लास्टरच्या झोळीतून त्यांनी एक घडी घातलेला कागद काढला. वहीचं पान होतं, डाव्या हाताने आखलेलं, वाकडंतिकडं. वर ‘दुपारी चार’, खाली तीन रकाने. तारीख, टीव्ही, धक्का. अकरा, चार. अकरा, सहा. अकरा, नऊ. मधल्या काही तारखांना शेवटचा रकाना रिकामा होता आणि कंसात लिहिलं होतं, ‘जाऊ दिलं नाही, हिशेबाने आठ’. पानाच्या मागे मात्र वेगळंच होतं. पुढच्या सगळ्या महिन्याच्या भरतीच्या वेळा, दिवसवार.

“याप्रमाणे टेपा लाव,” बाबा हळूच म्हणाले. “पायऱ्या जुळवून. मग कोणालाही कळणार नाही.”

त्याने पान उलटसुलट करून बघितलं. “तुम्हाला कधी कळलं?”

“पहिल्याच आठवड्यात. दीड तासाने तेच कुत्रं येतं.”

“मग सगळ्यांना का सांगत बसलात? मला का नाही विचारलं?”

“फोन केला होता की.” बाबांनी रिकामी बाही मांडीवर नीट केली. “मग वाटलं, आज ना उद्या तूच सांगशील. आता जा. तुझी टेप संपेल.”

घड्याळात पाचला अकरा मिनिटं कमी होती. तो उठला, कागद खिशात घातला, दारापर्यंत गेला. एका पायात चप्पल घातली. पळत गेलो तर पोचतो, असा हिशेब डोक्यात आपोआप झाला, आणि पोचल्यावर कुठली टेप लावायची तेही आपोआप ठरलं. पाच पायऱ्यांची, ‘सकाळ ढगाळ’ मध्ये एक तुकडा होता. इतकं सगळं सोपं होतं. आता तर बाबाही सामील होते. त्याने चप्पल काढली, परत आत आला आणि टीव्हीशेजारच्या स्टुलावर बसला.

“ताई, मलाही चहा टाक,” तो म्हणाला.

“जा म्हणतो ना!” बाबा म्हणाले. त्यांच्या आवाजात भीती होती. ती त्यांच्या स्वतःसाठी नव्हती.

तो हलला नाही. डॉक्टर लिहीत होते. टीव्हीत कुत्रं उठलं, त्याने अंग झाडलं, पायऱ्यांकडे दोन पावलं टाकली आणि विचार बदलून निघून गेलं. एक होडी हलली. ताई चहाचे कप घेऊन आली, आणि तेवढ्यात चित्र थरथरलं, वर सरकलं, आणि पडद्यावर नुसते पांढरे ठिपके राहिले.

कप खाली पडला. “लाँच!” ताई किंचाळली. बाहेर एक दार उघडलं, मग दुसरं, मग सगळ्या गल्लीची दारं एकदम उघडल्यासारखा आवाज झाला. शिंप्याची बायको “माझा मुलगा आहे पाचच्या लाँचला” असं म्हणत दारावरून धावत गेली. डॉक्टर अर्धे उठून उभे. तो दारात गेला आणि जन्मात कधी ओरडला नव्हता एवढ्याने ओरडला, “थांबा! काही बुडालेलं नाही! टेप संपलीय. नुसती टेप संपलीय! कॅमेरा सात आठवडे बंद आहे. तुम्ही बघत होतात तो धक्का जुना होता. मी लावत होतो.”

जवळचे थांबले. लांबचे धावतच राहिले. शिंपी गळ्यात मापाची टेप अडकवलेला तसाच त्याच्यासमोर येऊन उभा राहिला आणि त्याच्या तोंडाकडे बघत राहिला.

“म्हणजे तुझे बाबा जे म्हणत होते ते—”

“खरं होतं,” तो म्हणाला. “सगळं खरं होतं.”

मागे ताई भिंतीला टेकून उभी होती. तिने टेबलावरचा फॉर्म उचलला होता, पण तो फाडायचा की घडी घालायची हे तिला सुचत नव्हतं. तिने एकदा भावाकडे बघितलं. त्याला ती नजर झेपली नाही. डॉक्टर म्हणाले, “हे काय चाललंय?” आणि मग आतून, पलंगावरून, आवाज आला. कितीतरी वर्षांत त्या घरात कोणी ऐकला नव्हता असा, इंजिनाच्या वरून ऐकू जाणारा.

“उभा काय राहिलास? धक्क्यावर जा! पाणी आता चौथ्या पायरीवर असेल, खाली सगळं शेवाळ आहे. लोक बघायला पाण्यापर्यंत उतरतील आणि घसरतील. थांबव त्यांना!”

“हो बाबा,” तो म्हणाला आणि अनवाणीच धावत सुटला.